नॉर्मल म्हणजे कुणासारखा?

'तुमचा बीएमआय नॉर्मल आहे' हे वाक्य, पुढे काहीही न जोडता, निदान पुण्यात तरी कुणी कुणाला ऐकवू नये असं माझं ठाम मत आहे. टोकाचं वाटतंय? वाटू दे. लेख संपेपर्यंत थांबा आणि मग भांडायला या. नातेवाईक मंडळींनी तर जरूर यावं, कारण हा लेख मुख्यतः तुमच्यासाठीच लिहिलाय.

आधी हिशोब करून टाकू, म्हणजे कुणी मागे राहायला नको. बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स. (याचं सरकारी मराठी 'शरीर वस्तुमान निर्देशांक' असं काहीतरी आहे, ते म्हणेपर्यंतच पाव किलो वजन कमी होतं!) किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. वर्ग-बिर्ग नको असेल तर कॅल्क्युलेटरवर वजन लिहा, उंचीने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनेच भागा. झालं. आपल्या घरांत उंची अजून फूट-इंचातच सांगतात, तेव्हा सगळे इंच करून २.५४ ने गुणा. समजा एखादी काकू पाच फूट चार इंच आहे. म्हणजे ६४ इंच, म्हणजे साधारण १६३ सेंटिमीटर, म्हणजे १.६३ मीटर. वजन ५८ किलो. ५८ भागिले १.६३ म्हणजे ३५.६, त्याला पुन्हा १.६३ ने भागलं की २१.८. काकूचा बीएमआय २१.८.

आता तक्ता. जागतिक आरोग्य संघटनेचा नेहमीचा तक्ता म्हणतो, १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २५ नॉर्मल, २५ ते ३० जास्त वजन, ३० च्या पुढे लठ्ठ. काकू मधल्या हिरव्या पट्ट्यात. काकू खूष, काका खूष, रिपोर्ट फाइलला. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नसते. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

मुळात हा भागाकार आला कुठून? अडॉल्फ केटले नावाचा एक बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. ताऱ्यांची मोजमापं करता करता त्याला माणसांची मोजमापं करायचा नाद लागला. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला शोधायचं होतं. १८३० च्या दशकात त्याने नोंदवलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. बस. त्याला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं, मधुमेहाशी तर नव्हतंच. समोर बसलेल्या एका माणसाची तब्येत ठरवण्यासाठी त्याने हे केलंच नव्हतं.

पुढे १९७२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागाकाराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. त्यांनी अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासली आणि म्हटलं की उंची-वजनाच्या जेवढ्या सोप्या सूत्रांची चर्चा आहे, त्यांत हे सूत्र निदान इतरांइतकं तरी बरं आहे. पुरुषांची, बरं का. बायका त्यात नव्हत्या. आणि भारतही नव्हता.

म्हणजे ब्रसेल्सच्या खगोलशास्त्रज्ञाने काढलेलं, पाच परक्या देशांतल्या पुरुषांवर तपासलेलं हे सूत्र, आणि त्यावरून शनिवार पेठेतल्या काकूंना सर्टिफिकेट!

कुणी म्हणेल, विज्ञान हे विज्ञान असतं, त्याला देश नसतो. अगदी कबूल. गुरुत्वाकर्षण बेल्जियममध्येही तेच आणि बिबवेवाडीतही तेच. पण बीएमआय हे गुरुत्वाकर्षण नाही. वजनकाट्याला फक्त वजन कळतं. त्या वजनात हाड किती, स्नायू किती, चरबी किती, आणि असलेली चरबी दंडावर आहे की पोटात आतड्यांभोवती, हे काट्याला कळत नाही. तक्ता मात्र असं धरून चालतो की ठरावीक बीएमआयला ठरावीक चरबी असणार. हे गृहीत युरोपातल्या माणसांत बऱ्यापैकी जमतं. आपल्यात जमत नाही.

आणि हे जमत नाही हे शोधायला कुणाला बॉस्टनला जावं लागलं नाही. ते आपल्या रास्ता पेठेत शोधलं गेलं.

केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. मधुमेहावर आयुष्यभर काम केलेला माणूस. पाठ्यपुस्तकात टाइप टू मधुमेहाचा रुग्ण लठ्ठ आणि उतारवयाचा असतो. त्यांच्या दवाखान्यात येणारे रुग्ण मात्र त्या मानाने तरुण आणि बारीक. असं का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. २००४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटासा मजकूर आला, सोबत दोघांचा फोटो. एक पुणेकर, एक इंग्रज. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. तक्त्यानुसार दोघेही झक्कास नॉर्मल. मग दोघांच्या शरीरातली चरबी यंत्राने मोजली. युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के. आणि आपल्या याज्ञिकांची? २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांची आडनावं इंग्रजी वाय अक्षराने सुरू होतात, म्हणून त्या मजकुराचं नाव 'वाय-वाय पॅरॅडॉक्स'.

मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. एवढ्या मोठ्या डॉक्टरने स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं आणि जगाला सांगितलं की बघा, हा तुमचा नॉर्मल माणूस. जगभर मधुमेहाच्या परिषदांत हा फोटो दाखवतात. आणि ज्या शहरातून तो गेला, त्या शहरात आजही हेल्थ चेकअपचे रिपोर्ट 'बीएमआय २२, नॉर्मल' असा शिक्का मारून बंद होतात. याला काय म्हणायचं?

बरं, एका माणसाचा फोटो म्हणजे काही पुरावा नव्हे, हे आक्षेपवाल्यांनी म्हणायच्या आधी मीच म्हणते. पुरावा त्याच्या आधीच गोळा व्हायला लागला होता. १९९३ मध्ये केईएमच्या याच मंडळींनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून बायकांची मापं घ्यायला सुरुवात केली. त्या आयांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आणि बीएमआय अठराच्या आसपास. म्हणजे तक्त्याप्रमाणे सरासरी आईच कमी वजनाची. त्यांना झालेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं हाताने बारीक, पोटाने बारीक, उंचीला कमी, सगळ्यात मागे. एका गोष्टीत मात्र ती फारशी मागे नव्हती. पाठीवरच्या कातडीखालची चरबी! स्नायू कमी, अवयव लहान, पण चरबी बरीचशी राखलेली. 'बारीक-लठ्ठ' बाळ. जन्मतःच.

आपल्या घरांत एक वाक्प्रचार आहे बघा, 'किती खातो पण अंगाला लागत नाही मेलं!' लागतं हो. अंगाला लागतं, फक्त बाहेरून दिसत नाही.

आता हे महत्त्वाचं का? जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलायचं मोठं काम स्नायू करतात. स्नायूच कमी असतील तर गोदामच लहान. आणि पोटाच्या आतली चरबी यकृताच्या कामात लुडबुड करते, इन्सुलिनचा असर कमी करते. म्हणजे गोदाम लहान आणि वर हमाल संपावर. हातपाय काडीसारखे आणि शर्टाखाली सुबक गोल पोट, अशी आपल्या लग्नकार्यात पंक्तीला बसलेली पन्नाशीची जी पुरुषमंडळी दिसतात ना, त्यांचा बीएमआय काढला तर बहुतेक बावीस-तेवीस येईल. आपण त्याला 'खात्यापित्या घरचा' म्हणतो.

इथे मला आमच्या एका आतेभावाचं उदाहरण द्यायचंय. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र लिहीत नाही. वय तेव्हा ४१. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६१ किलो, बीएमआय २१.१. तो ज्या कंपनीत होता तिथे दरवर्षी आरोग्य तपासणी व्हायची. उंची, वजन, रक्तदाब, छातीचा आलेख. साखरेची तपासणीही होती, पण नियम असा की ज्यांचा बीएमआय २५ च्या वर किंवा वय ४५ च्या वर त्यांनाच. बाकीच्यांवर कशाला खर्च? ओळीने तीन वर्षं त्याच्या रिपोर्टवर हिरवा पट्टा. चौथ्या वर्षी त्याच्या चष्म्याचा नंबर चार महिन्यांत दोनदा बदलला, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. उपाशीपोटी २१२. (१२६ ला मधुमेह म्हणतात.) तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी ९.४. (तिथे ६.५ ला मधुमेह.) किती वर्षं ती साखर आत मुरत होती, कुणास ठाऊक. आत्या तर रिपोर्ट हातात घेऊन एकच वाक्य म्हणत होती, 'अरे पण तू तर बारीक आहेस!'

आत्या आहे ती, तिला काही म्हणायचं नाही. पण ज्यांनी तो नियम केला त्यांना मात्र म्हणायचंय. कारण पर्याय नव्हता असं नाही. २००५ मध्येच चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याचं एक सोपं गुणपत्रक प्रसिद्ध केलं होतं. चार प्रश्न. वय किती? कमरेचा घेर किती? व्यायाम किंवा अंगमेहनत किती? आई-वडिलांना मधुमेह आहे का? शंभरपैकी साठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका जास्त, साखर तपासा. चारांत बीएमआय नाहीच! वजनकाटाच लागत नाही. आमच्या आतेभावाचे गुण मी काढले. वय ३५ ते ४९ म्हणून २०. कमर ९१ सेंटिमीटर म्हणून १०. दिवसभर खुर्चीत, व्यायाम शून्य म्हणून ३०. आत्याला स्वतःला मधुमेह, म्हणजे दोघांपैकी एका पालकाला, म्हणून १०. एकूण ७०. शिवणाच्या डब्यातल्या टेपने आणि चार प्रश्नांनी जे तीन वर्षं आधी कळलं असतं, ते चकचकीत काट्याने आणि रंगीत रिपोर्टने झाकून ठेवलं.

माझा राग बीएमआयवर नाही. तो बिचारा एक भागाकार आहे. माझा राग 'नॉर्मल' या शब्दावर आहे, आणि तो लिहून पुढची चौकशी बंद करणाऱ्यांवर आहे.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकून घेऊ. पहिला आक्षेप: 'अहो, भारतीयांसाठी आकडे बदललेत की!' बदललेत. २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी म्हटलं की आशियाई लोकांनी २३ पासूनच सावध व्हावं. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या एकमताने आलेल्या निकषांत २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठ, आणि कमरेचा घेर पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत, असं ठरलं. छान झालं. पण किती रिपोर्टांवर हा तक्ता असतो ते घरातली फाइल काढून बघा. आणि बदललेला तक्ताही आमच्या आतेभावाला नॉर्मलच म्हणतो! २१.१ हा आकडा २३ च्याही आतच आहे. रेघ सरकवल्याने मोजायची चूक वस्तू बरोबर होत नाही.

रेघ सरकवण्याचीही एक गंमत. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी जास्त वजनाची रेघ २७.८ ला होती, ती २५ वर आणली आणि कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता एका रात्रीत जाड झाले. म्हणजे ही रेघ काही देवाने आखलेली नाही, समितीने आखलेली आहे. समितीने आखलेली रेघ उपयोगी असू शकते, पण तिला नमस्कार करू नये.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या बाजूने येतो. जिमवाली भाचरं म्हणतात, 'मावशी, बीएमआय सगळा बकवास आहे, फेकून दे.' त्यांचं आवडतं उदाहरण पैलवानाचं. चिंचेच्या तालमीतला १७३ सेंटिमीटर उंच, ९२ किलोचा गडी घ्या, बीएमआय ३०.७. तक्ता म्हणतो लठ्ठ. गडी तक्त्याला उचलून आपटेल. उदाहरण खरं आहे, पण मला सांगा, आपल्या घराण्यात शेवटचा पैलवान कधी झाला? पैलवानाच्या नावाखाली आपण आपलं पोट लपवू नये. ज्यांचा बीएमआय तीसच्या पुढे आहे आणि आखाड्याशी संबंध फक्त टीव्हीपुरता आहे, त्यांच्या बाबतीत तक्ता बहुधा बरोबरच सांगतोय.

लाखो माणसांचा एकत्र हिशोब करायचा तर बीएमआय कामाचा आहे, हेही मान्य. फुकट आहे, सोपा आहे, गावोगाव नेता येतो. उपासमार मोजायला तर त्याचा फार उपयोग. पण तिथेही किती निसटतं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी फेरी, २०१९ ते २१. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या २४ टक्के. त्याच पाहणीत कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तरही मोजलं. धोक्याच्या पातळीवर किती? ५६.७ टक्के! पुरुषांत बीएमआयने २२.९ टक्के, कमरेच्या गुणोत्तराने ४७.७ टक्के. पाहणी तीच, देश तोच. वजनकाटा म्हणतो चौघांत एक, टेप म्हणते दोघांत एक. काट्याला न दिसलेली जी माणसं आहेत, ती कोण? ती आपण आहोत.

आणि ही चैन परवडणारी नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज होता की देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत.

तिसरा आक्षेप सगळ्यात पुणेरी. 'मग काय, आपले जीन्सच तसे. आजोबांना होता, बाबांना होता, मला होणार. आण ती जिलबी.' मंडळी, हा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. त्या सहा गावांतल्या अभ्यासाने तर उलटं सांगितलं. बाळ बारीक-लठ्ठ होतं त्यात आईच्या आहाराचा, आईच्या स्वतःच्या वाढीचा हात असतो. २००८ मध्ये त्याच अभ्यासातून पुढे आलं की गरोदरपणी सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. सहा वर्षांची मुलं हो! त्यांनी कुठली जिलबी खाल्ली होती?

म्हणून हा प्रश्न केवळ पन्नाशीच्या पोटांचा नाही. घरातली मुलगी शेवटी जेवते की सगळ्यांबरोबर, तिच्या ताटात डाळ आणि दूध किती येतं, सून 'दोन जिवांची' झाल्यावर जे लाड सुरू होतात ते आधीची दहा वर्षं कुठे होते, हा प्रश्न आहे. आणि शहरात त्याचं दुसरं टोक आहे. लग्नाच्या जाहिरातीतला 'सडपातळ' हा शब्द. बीएमआय २१ असलेली आपली पोरगी लग्नाआधी जेवण सोडून तो १८ वर आणते. कमी होतं काय? बरेचदा स्नायू, जे आधीच कमी होते. तक्ता तिला थांबवत नाही, उलट बराच वेळ 'नॉर्मल, नॉर्मल' म्हणत टाळ्या वाजवतो. दंडाला ताकद आहे का, रक्त किती आहे, बी-१२ किती आहे, हे तिला कुणी विचारत नाही.

आता तर बीएमआयला नवा मान मिळालाय. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. ती कुणाला द्यायची याची पहिली पायरी बीएमआय हीच. तीस, किंवा सोबत दुसरा आजार असेल तर २७. म्हणजे ज्या आकड्याला आपल्या अंगातली चरबी दिसत नाही, तोच दारावर उभा. त्याच वर्षी जानेवारीत 'लॅन्सेट'च्याच एका नियतकालिकात जगभरच्या तज्ज्ञांच्या आयोगाने सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून एखाद्या माणसाला लठ्ठपणाचा आजार आहे की नाही हे ठरवू नका, कमरेचा घेर वगैरे मोजा किंवा थेट चरबी मोजा. वाचून आनंद झाला आणि थोडं हसूही आलं. रास्ता पेठेने हे एकवीस वर्षं आधी फोटोसकट सांगितलं होतं.

मग करायचं काय? भाषण खूप झालं, आता काम.

शिवणाच्या डब्यातली टेप काढा. पॅन्टचा नंबर सांगू नका, कारण पुरुषमंडळी पॅन्ट पोटाच्या खाली बांधतात आणि 'माझी कंबर अजून बत्तीस' म्हणून मिरवतात. सरळ उभे राहा, कपडा वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सहज सोडा. सोडा म्हटलंय, पोट आत घ्या नाही म्हटलं! आलेला आकडा तुमच्या उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही २०२२ पासून हा निम्म्याचा नियम आहे. आमच्या आतेभावाची उंची १७०, निम्मी ८५, कमर ९१. एका मिनिटाचं काम.

मग ते चार प्रश्न विचारा. वय, कंबर, व्यायाम, आई-वडील. गुण साठ किंवा जास्त आले तर उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी करून घ्या, बारीक असाल तरी. बारीक असाल आणि पोट असेल तर आधी करा. तिसरं, तळजाई किंवा पर्वती चढताय ते उत्तमच, पण आठवड्यातून दोनदा जोर-बैठका, काही तरी उचलणं, ताणणं हेही हवं. गोदाम मोठं करायचंय. आणि टेकडी उतरल्यावर खाली उभं राहून काय खाता त्याबद्दल मी आज काहीच बोलणार नाही.

चौथी गोष्ट नोकरदारांसाठी. तुमच्या ऑफिसात वार्षिक तपासणीचा फॉर्म येतो तेव्हा विचारा, कमरेचा घेर कुठे लिहायचा? रकाना नसेल तर मागा. साखरेच्या तपासणीला बीएमआयची अट असेल तर लेखी हरकत घ्या. पाटी लिहिणाऱ्यांचं शहर आहे आपलं, एक अर्ज लिहायला काय हरकत आहे?

दिवाळीला आमच्याकडे येणाऱ्या सर्व काका, मामा, आत्या, मावश्यांना आगाऊ सूचना: टेप बाहेरच्या खोलीत ठेवलेली असेल. फराळाच्या आधी मोजायचं की नंतर, एवढीच सवलत मिळेल. असो. बाकी भांडण समक्ष.